तापाचा दाखला मी दिला नाही

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. मी शाळेत जाऊन आरडाओरडा केला, हे माझ्या मुलाचे कथन चुकीचे आहे. मी हात जोडून माफी मागितली, हे सुनेचे कथन त्याहून चुकीचे आहे. आणि येथे आखातात, मनामाच्या जुन्या बाजारात मसाल्याचे दुकान चालवणारा माझा रत्नागिरीकर मित्र गिऱ्हाइकांना सांगतो, की मी शाळेवर खटला भरायला निघालो होतो. त्याला तर कसलाच आधार नाही. तो तेव्हा दुकानात मिरची तोलत होता. मी मात्र शाळेच्या त्या खोलीत हजर होतो.

माझी नात त्या वर्षी पाचवीत होती. वर्गातली इतर मुले फळ्यावरचे गणित उतरवून घेईपर्यंत हिचे सोडवून होई. मग बाई तिला वह्या वाटायला लावीत, आणि वह्या संपल्या की बाकावर डोके टेकून बसायला सांगत. मराठी तिला सगळे समजते, उत्तर मात्र इंग्रजीत येते. एकदा घरी येऊन म्हणाली, "आजोबा, टुडे ऑल्सो आय वॉज द पोस्टमन."

मुलगा आणि सून दोघेही बँकेत. मी मीना सलमान बंदरातल्या एका जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात इंजिनियर होतो. निवृत्तीनंतर मुलाच्या व्हिसावर येथेच राहिलो. तेव्हा अधूनमधून एखादा दिवस नातीला घरी ठेवायचे, असे मी ठरवले. त्याला दोघांची संमती होती. आज दोघेही ती नाकारतात.

ते दिवस आम्ही वाया घालवले नाहीत. जुन्या सहकाऱ्यांनी आम्हाला कारखान्याच्या दाराशी उभे राहू दिले. तिच्यापेक्षा उंच पंखा जहाजातून सोडवून जमिनीवर ठेवला होता. तो एकदा फिरला तर जहाज किती पुढे जाईल, हे तिने पात्यांचा तिरपेपणा पाहून स्वतः मांडले. परतताना जिदहफ्सच्या बाजारात तिने मासळीवाल्याशी अरबीत घासाघीस केली आणि मला गप्प बसायला सांगितले.

अडचण दुसऱ्या दिवशी येई. गैरहजेरीचे कारण डायरीत लिहावे लागते, आणि त्या बाबतीत आमच्या लोकांची एक रीत आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी विमानाची तिकिटे स्वस्त असतात; नेमके तेव्हाच आमच्या अर्ध्या इमारतीतल्या मुलांना ताप चढतो. विमान मुंबईला टेकले की तापही उतरतो. ओळखीच्या डॉक्टरांचा दाखला जोडला, की गैरहजेरी माफ. मी मात्र लिहीत असे: "प्रकृती उत्तम. घरी अभ्यास केला."

हिवाळ्यात शाळेने बोलावणे धाडले. हजेरी मर्यादेखाली गेली होती. अशीच राहिली, तर वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. वर्ष पुन्हा करावे लागेल. हे ऐकून नातीचा चेहरा उतरला. मैत्रिणी सहावीत जाणार आणि ही त्याच बाकावर पुन्हा वह्या वाटणार.

पर्यवेक्षिका केरळच्या, करड्या शिस्तीच्या. हिंदीत म्हणाल्या, "सर, एक जरी मेडिकल असतं तरी मी काही करू शकले असते."

मुलगा लगेच पुढे सरसावला. "मिळेल मॅडम. उद्याच आणतो."

"आजार कोणता आणणार आहेस?" मी विचारले.

"बाबा, प्लीज!"

"नाही, नाव तर कळू दे. घरात आम्हालाही काळजी घेता येईल."

तेवढ्यात नात बोलली, "बट आय वॉज नॉट सिक."

पर्यवेक्षिकांनी चष्मा काढला आणि त्या चक्क हसल्या. "इतक्या वर्षांत ताप न आलेलं हे पहिलंच मूल." मग त्यांनी हिशेब करून पाहिला. यापुढे एकही दिवस चुकला नाही, तर हजेरी मर्यादेला जेमतेम शिवत होती. नियम वाकवायला त्यांनी नकार दिला, आणि तो मला आवडला. त्या बदल्यात, इतर मुले उतरवून घेत असताना हिला सहावीचे गणिताचे पुस्तक द्यावे, अशी अट मी घातली. मुलगा म्हणतो, हे पर्यवेक्षिकांनीच सुचवले. शब्द त्यांच्या तोंडून आधी निघाले असतील. कल्पना माझी होती.

खरे वादळ घरी झाले. सुनेच्या भाच्याची पुण्याला मुंज होती आणि सगळ्यांची तिकिटे काढलेली.

"बाबा, एकदा ताप लिहिला असता तर काय बिघडलं असतं तुमचं? आता माहेरी काय सांगू मी?"

"सांग, मुलीची प्रकृती उत्तम आहे, म्हणून येता येत नाही."

मुलगा हसला, म्हणून त्यालाही बोलणी बसली. शेवटी ती दोघे गेली आणि आम्ही दोघे राहिलो. मी रोज पिठले केले, हा आरोप निराधार आहे. मध्ये खिचडीही झाली.

त्यातच एका सकाळी पाऊस कोसळला. येथे थोड्या पावसानेही रस्त्यांची तळी होतात. शाळेची बस आली नाही. मी टॅक्सी थांबवली. चालकाने पाण्याकडे बोट दाखवले. "मफी स्कूल, बाबा! शाळा नाही. आज कोण जातं?"

"आहे, इंशाल्ला. यल्ला, चल," मी म्हणालो.

शाळा उघडी होती. वर्गात मोजकीच मुले होती. नातीने बूट हातात घेऊन हजेरी दिली.

परीक्षेच्या दिवशी आम्ही इतक्या लवकर पोहोचलो, की फाटक अजून बंद होते. हळूहळू मुलांची गर्दी झाली. मी तिचे दप्तर धरून पहिल्या पेपरची उजळणी घेऊ लागलो, तशी तिने दप्तर ओढून घेतले आणि कुजबुजली, "आजोबा, आता जा ना. एव्हरीबडी इज लुकिंग." एवढे बोलून ती मैत्रिणींच्या घोळक्यात शिरली, आणि फाटक उघडल्यावर मागे वळून न पाहता आत गेली.

पेपर सुटेपर्यंत मी उन्हात फाटकाशीच उभा होतो, असे सून सगळ्यांना सांगते. ते साफ खोटे आहे. मध्यंतरी मी समोर चहा प्यायला गेलो होतो.