दिवालीबाईची साक्ष

साबरदऱ्याच्या तलावाची पाळ फुटली, त्याच्या आदल्या दिवशी दिवालीबाई शेळ्या घेऊन पाळीवर होती. खालच्या अंगानं गढूळ पाणी झिरपताना तिनं पाहिलं आणि नवऱ्याला, भुराला, सांगितलं. भुरा त्या तलावाचा चौकीदार. तो तसाच सायकल मारत इंजिनियर साहेबांकडे गेला आणि त्यानं तोंडी सांगितलं. बावीस वर्षं त्याचं सगळं कामकाज तोंडीच चाललं होतं. साहेब म्हणाले, "अरे, पाझर तलाव आहे. पाझरणारच."

दुसऱ्या दिवशी तीन माणसं आणि शंभरावर जनावरं वाहून गेली. संध्याकाळच्या आत कागद निघाला: चौकीदार कामावर झोपला होता, सबब निलंबित. सरकारी काम इतकं झटपट झालेलं साबरदऱ्यानं पहिल्यांदाच पाहिलं. गावानं भुराशी बोलणं टाकलं. भुरानं तर घरातही बोलणं टाकलं. दिवालीबाईला एकच हवं होतं. भुरा झोपला नव्हता, त्यानं सांगितलं होतं, एवढं सरकारच्या कागदावर यायला पाहिजे.

मग आयोग बसला. १९५२ चा चौकशी आयोगाचा कायदा, एक निवृत्त न्यायमूर्ती, धुळ्याचं विश्रामगृह आणि सहा महिन्यांची मुदत. त्या सहा महिन्यांची तीन वर्षं झाली. आयोगाला मुदतवाढ मिळत गेली, भुराच्या निलंबनालाही मिळत गेली.

प्रतिज्ञापत्रं द्या म्हटल्यावर गाव पिंपळनेरच्या टायपिंगवाल्या नवीनकडे गेलं. नवीननं एक मजकूर टाइप केला आणि नावं बदलून त्याच्या अठ्ठेचाळीस प्रती काढल्या: 'मी चिंचेखाली उभा राहून पाळीला पडलेली भेग स्वतः डोळ्यांनी पाहिली.' दिवालीबाईला अंगठा मागितला, तर ती म्हणाली, "मी चिचखाले नव्हतू रे भाऊ. मी पाळवर व्हतू."

"अक्का, बठ्ठा गावनं एकच शे. तू कसाले येगळं काढस?" नवीन म्हणाला.

तिनं वेगळंच काढलं. चार ओळींचं.

धुळ्यात सरकारी वकिलांनी त्या अठ्ठेचाळिसांतल्या पुनाआबाला उभं केलं. "एका चिंचेखाली अठ्ठेचाळीस माणसं उभी होती?"

"चिच मोठी शे, साहेब," पुनाआबा म्हणाला.

न्यायमूर्तींनी चष्मा काढला आणि अठ्ठेचाळीस कागद बाजूला ठेवले. राहिली एकटी दिवालीबाई. तिनं पाहिलं तेवढं सांगितलं आणि खाली बसली.

मग इंजिनियर साहेब आले. त्यांच्या वकिलानं त्यांना कलम सहा नीट समजावलं होतं: आयोगापुढे जे बोलाल ते पुढे कुठल्याही दाव्यात, खटल्यात तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. खटला होईल तो फक्त खोटं बोललात तर. साहेबांनी विचार केला. खोट्यात धोका, खऱ्यात काहीच नाही. ते धडधडीत खरं बोलले. "होय. चौकीदार आला होता. गळतीचं त्यानं सांगितलं होतं. मी लक्ष दिलं नाही." इतकं खरं ते घरीही कधी बोलले नसतील.

दिवालीबाईला वाटलं, मिटलं.

अहवाल मुंबईला गेला. काय कारवाई केली ते लिहून तो सहा महिन्यांत विधिमंडळापुढे ठेवावा, असं कायदा म्हणतो. ते सहा महिने अजून चालू आहेत. दिवालीबाईनं वाट पाहिली नाही. साहेबांच्या साक्षीची नक्कल काढून ती भुराची खातेनिहाय चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे उभी राहिली.

"अक्का, हे इथं चालत नाही," अधिकारी म्हणाला. "कलम सहा आहे. साहेबांच्या विरोधात हे वापरता येत नाही."

"मंग नका वापरा त्यासना विरोधमा," दिवालीबाई म्हणाली. "मन्हा धनीसाठे वापरा. त्याले ना शे का कायदामा?"

अधिकाऱ्यानं पुस्तक उघडलं. मग कुणाला तरी फोन लावला. मग चहा मागवला, आणि नाइलाजानं तिलाही दिला. शेवटी म्हणाला, "लेखी द्या."

तिनं लेखी दिलं. चार महिन्यांनी आदेश आला: चौकीदार निर्दोष, त्यास मूळ जागी रुजू करून घ्यावे. साहेब तोवर बढती घेऊन जळगावकडे गेले होते. त्यांच्याविरुद्ध काही वापरता येत नव्हतंच.

मूळ जागी तलाव नव्हता. पाळ बांधायची तर अहवाल बाहेर यायला हवा, आणि अहवाल काही येत नव्हता. पण आदेश तो आदेश. भुरा खाकी घालून फुटक्या पाळीवर जाऊन बसला. वहीत त्यानं पाण्याची पातळी लिहिली: शून्य. समोर तळात बाभळी उगवल्या होत्या, त्यांत गावाच्या शेळ्या चरत होत्या.

दुपारी दिवालीबाई भाकरी घेऊन आली. बऱ्याच वर्षांनी भुरा आपणहून बोलला. "आठे मी काय राखू वं?"

"बठ गुपचूप," तिनं भाकरीचं फडकं सोडलं. "जागावरथीन हालू नको. नहीते पुन्हा आयोग बठी."