ऋतुजाचं दुसरं रक्त

बाहेरचं, लागिरं असलं मी कधीच मानलं नाही. ऋतुजाला ताप चढून झटके आले तेव्हा सासूबाई लिंबू उतरायला बसल्या होत्या, मी पोरीला उचलून बारामतीच्या दवाखान्यात नेलं. आता हे मी कुठल्या तोंडानं सांगू? म्हणून लिहून ठेवते.

आम्ही बावडा गावाच्या पुढं वस्तीवर राहतो. ऋतुजा सात वर्षांची. डासांमुळे होणारा मेंदूज्वर निघाला. डॉक्टर म्हणाले, "रक्तात अँटिबॉडी आहेत, पण दोन विषाणूंच्या अँटिबॉडी चाचणीत सारख्याच दिसतात. पंधरा दिवसांनी परत रक्त बघू. कुठली जास्त वाढली त्यावरून विषाणू ठरेल." एकावर लस आहे, दुसऱ्यावर नाही. धाकट्या लेकीला, परीला, लस द्यायची का, ते यावरच ठरणार होतं.

ऋतुजा बरी होऊन घरी आली, पण पंधराव्या दिवशी मालक ऊस घेऊन कारखान्यावर अडकले. पोरीला घेऊन एकटीनं एसटीनं जायचा मला धीर होईना. भर दुपारी एक सिस्टर घरात आली. आकाशी साडी, हातात बर्फाचा डबा. "ऋतुजाचं दुसरं रक्त ना?" म्हणाली. मला एवढं हलकं वाटलं... मी दंड धरला, तिनं रक्त काढलं. पोरगी रडलीसुद्धा नाही. नाव विचारावं असं मनात आलं, पण भीड पडली.

ती गेल्यावर दारात खाटेवर बसलेले सासरे म्हणाले, "कुणाशी बोलत हुतीस गं?"

"सिस्टर आली होती की, तात्या. तुमच्या समोरनंच गेली."

"हितं सकाळपास्नं कुत्रं फिरकलं न्हाय."

घराला दार एकच आहे.

संध्याकाळी दवाखान्यातून फोन आला — पोरीला का आणलं नाही? मी सांगितलं. "आम्ही घरी कुणाला पाठवत नाही, ताई."

मालक चिडले. "गेली न्हाईस ती न्हाईस, वर गोष्टी सांगती." सासूबाई म्हणाल्या, "लिंबू उतरू दिलं न्हाईस. आता सिस्टरी उतरायल्या व्हय?"

दुसऱ्या दिवशी मालकांनी गाडीवरून बारामतीला नेलं. तिथल्या सिस्टरनं ऋतुजाची बाही वर केली आणि थांबली. "काल कुणी टोचलंय हिला?"

 परतताना मालक म्हणाले, "खरं सांग, कुठल्या डॉक्टरकडं गेल्तीस?"

रक्त परत घेतलं. पुण्याच्या लॅबमधून रिपोर्ट आला — दोन्ही अँटिबॉडी सारख्याच वाढलेल्या, विषाणू निश्चित सांगता येत नाही. लसीचं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "थांबा, बघू." किती थांबू? अंधार पडायला लागला की परीला पायापर्यंत झाकते, ती पांघरूण लाथाडते. रोज तेच.

ती सिस्टर कोण होती, दारातून कशी गेली, ते रक्त कुठं नेलं... काही कळत नाही. जाताना ती म्हणाली होती, "आठ दिवसांत नक्की काय ते कळवते." त्याला दोन महिने झाले. मी अजून फोन जवळ घेऊन बसते, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.