कानपिळी नीट दिसावी म्हणून

भाऊबीज, १९९९. सातारा, आमच्या घराची पुढची खोली. हजर: आई, रजेवर आलेला दादा, पलूसहून आलेली ताई, तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, शेजारीच राहणारा मामा आणि मी.

काम एकच होतं, ताईच्या लग्नाची सीडी दादाला दाखवणं. उन्हाळ्यात लग्न झालं तेव्हा त्याच्या पलटणीच्या रजा रद्द झाल्या होत्या. हळद, अक्षता, पंगती यातलं त्याला काही बघायचं नव्हतं. बघायची होती कानपिळी. नवरीच्या भावानं नवऱ्याचा कान पिळून बहिणीला नीट सांभाळ म्हणून बजावायचं आणि टॉवेल-टोपीचा मान घ्यायचा. तो मान दादाचा. त्याच्या जागी कोण उभं राहिलं, एवढंच त्याला हवं होतं. संशय चुलतभावावर होता. बांधाच्या भांडणापासून त्या घराशी आमचं बोलणं बंद होतं. आईनं मात्र आम्हाला दम भरला होता की कुणी सांगायचं नाही, त्याला डोळ्यांनी बघू दे.

दाजींनी भाड्यानं प्लेअर आणून अँटेनाच्या वायरीनं टीव्हीला जोडला. मंगलाष्टकांपर्यंत चित्र अंधूक का होईना, चाललं. मग भटजींनी नवरीच्या भावाला हाक मारली आणि पडद्यावर नुसते चौकोन झाले. सीडी पुसून पुन्हा लावली, पुन्हा तिथंच चौकोन. त्यात एक हात आणि एक कान तेवढा ओळखू येत होता.

"त्योच हाय," दादा म्हणाला. "म्हणून दिसंना झालंय."

मामा उठून घरी गेला आणि दुबईहून पोरांसाठी आणलेला गेमचा डबा घेऊन आला. त्यावर सीडीतला पिक्चरही चालतो असं खोक्यावर लिहिलं होतं, पण आजवर कुणी लावून बघितला नव्हता. त्याच्या लाल, पांढऱ्या, पिवळ्या पिना थेट टीव्हीच्या पाठीत बसायच्या. त्यासाठी टीव्ही कपाटातून बाहेर ओढावा लागला. वरची फुलदाणी आणि क्रोशाचा रुमाल मी हातात धरून उभी. मामाला गेममधलं उडी मारायचं बटण तेवढं ठाऊक होतं. तेच दाबलं आणि सीडी सुरू झाली.

ताईच्या शालूची जर सुटी सुटी दिसली. दाजींच्या कपाळावरचा घामही दिसला. जावईबापू लय घाबरले होते, असं आई म्हणाली. मांडवात पंखाच नव्हता, असं दाजींचं म्हणणं पडलं.

भटजींनी हाक मारली. पडद्यावर आई पुढे आली. तिनं पिशवीतून दादाची जुनी लष्करी टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. टोपी पार भुवयांवर आली. मी दाजींचा कान धरला.

दादा टीव्हीला नाक लागेल इतका जवळ सरकला. मामाला बटणं चाचपत तेवढाच भाग परत परत मागं घ्यायला लावला.

"पिळलाय कुठं हिनं? नुसता धरलाय," तो आमच्याकडं पाठ करूनच म्हणाला.

दाजी त्याच्याशेजारी जाऊन बसले आणि कान पुढं केला. "घ्या, पिळा. तुमचा मान हाय."

दादानं हात नेला आणि मागं घेतला. "आज न्हाई. हिची तक्रार येऊ द्या, मग पिळतो."

ताईनं अजून तक्रार केलेली नाही. कान पिळायचा राहिला आहे.