शेवंताबाईंचं प्रभुभोजन

कोकिळाबाईंचं डोकं त्या रविवारी फिरलं, पण ते काही एका दिवसात फिरलेलं नव्हतं. तीन वर्षं त्या दोन्ही गटांचं ऐकून घेत होत्या.

जळगावात रेल्वे लायनीपलीकडच्या छोट्या अँग्लिकन चर्चच्या त्या राखणदार. झाडलोट त्यांची, घंटा त्यांची, प्रभुभोजनाच्या विधीत भाकरीच्या तुकड्यासोबत द्यायचा रस काळ्या मनुका उकळून काढायचा तोही त्यांनीच. मोहिनीबाई पाळक, म्हणजे धर्मगुरू, म्हणून आल्या आणि चर्चच्या मंडळीत उभी फूट पडली. जुन्या गटाचे अभिमन आबा म्हणाले, बाईच्या हातून प्रभुभोजन घेणार नाही. नवा गट म्हणाला, बघूच कसे घेत नाही! झालं, आठला यांची उपासना, दहाला त्यांची. रस दोनदा, झाडू दोनदा. "अहो, प्रभू एकच आहे ना?" असं विचारलं की दोन्हीकडचे कोकिळाबाईंनाच बायबल ऐकवायचे.

कोकिळाबाईंची माय शेवंताबाई नव्वदीची, खाटेवर पडलेली. तिला प्रभुभोजन हवं होतं, कोणाच्याही हातून. कोकिळाबाईंनी त्या रविवारी मोहिनीबाईंना घरी बोलावलं. ही खबर लागताच अभिमन आबा धुळ्याहून एक निवृत्त पाळक घेऊन हजर! मंडळीतली सगळ्यात वडील बाई समोरच्या गटाकडे गेली तर नाक कापलं जाणार ना.

प्रभुभोजन होईपर्यंत तोंडात पाणी घालायचं नाही, ही शेवंताबाईंची जुनी शिस्त. आणि मे महिना. बारा वाजले, पत्रा तापला, अंगणात दोन्ही गटांचा वाद काही संपेना. आधी आत कोण जाणार? कोणाची प्रार्थना चालणार? मोहिनीबाई म्हणाल्या, "मी थांबते, त्यांना जाऊ द्या." तर त्यांचेच लोक कडाडले, "हा आपला अपमान आहे!"

आत म्हातारीचे ओठ पांढरे पडले होते. "पाणी घे ना, माय," कोकिळाबाई रडकुंडीला आल्या. म्हातारीनं नकारार्थी मान हलवली.

मग मात्र कोकिळाबाईंचा संताप अनावर झाला. मेले भांडतात कसले, जीव चाललाय इथे! त्यांनी दार लावून घेतलं; खिडकीशी जमलेल्यांना बघायचं ते बघू दे. डब्यातली पोळी मोडली, मनुकांच्या रसात बुडवली, तीस वर्षं कानावर पडलेले शब्द जसे आठवले तसे म्हटले आणि घास मायच्या तोंडात दिला. शेवंताबाई "आमेन" म्हणाली आणि तांब्याभर पाणी घटाघटा प्यायली.

बुधवारी चर्चचं पत्र आलं. पाळकपदाचा अभिषेक नसलेल्या व्यक्तीनं प्रभुभोजन दिलं, हा पवित्र विधीचा भंग. सबब कोकिळाबाईंना राखणदारीवरून कमी करण्यात येत आहे. खाली दोन्ही गटांच्या सह्या, शेजारी शेजारी.

"कसाना कागद शे, कोकिळा?" खाटेवरून मायनं विचारलं.

"काही नाही, माय. दोन्ही गट एक झाले."

"प्रभूनी ऐकं वं माय!" म्हणत शेवंताबाईनं हात जोडले. तिच्या डोळ्यांतून आनंदाचं पाणी वाहत होतं.