भिंत नसलेल्या पाण्यात

शुभांगी भरकटत चालली होती. मी बोटीत उभा राहून ओरडत होतो, पण वाऱ्यात आणि लाटांत तिला काही ऐकू जात नव्हतं. स्पर्धा समुद्रातली, पाच किलोमीटरची. स्पर्धकाला हात लावला की तो बाद, त्यामुळे ओरडण्यापलीकडे कोचला काही करता येत नाही.

नव्वदच्या सुमाराची गोष्ट. मी पनवेलला एका पूलवर कोच होतो. क्लबला एकच एन्ट्री मिळाली होती आणि दावेदार दोघी. शुभांगी बँकेतल्या साहेबांची मुलगी, आमची सगळ्यात फास्ट स्विमर. दुसरी खाडीकाठच्या गव्हाणची कुंदा. तिच्या घरचं मिठागर सरकारी भूसंपादनात गेलेलं. ही स्पर्धा पुरी केल्याचं सर्टिफिकेट मिळालं, तर तिला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीला अर्ज करता येणार होता. वयाची अट होती, आणि तिच्याकडे दोनच वर्षं उरली होती.

मी पूलवरच ट्रायल घेतली. दीड हजार मीटर. शुभांगी जवळजवळ दोन मिनिटांनी पुढे.

ही दोन मिनिटं आली कुठून, ते तेव्हा मी बघायला हवं होतं. आमचा पूल पंचवीस मीटरचा. म्हणजे दीड हजारात एकोणसाठ वेळा वळायचं. शुभांगी पाण्यातच कोलांटी मारून भिंतीला लाथ द्यायची आणि चार-पाच मीटर फुकटात मिळवायची. कुंदा भिंतीला हात लावून, दम घेऊन, सावकाश वळायची. शिवाय आठ-दहा हात मारले की डोकं वर काढून समोर बघायची. त्याने वेग मोडतो. मी तीन महिने तिला त्यावरून बोललो. पूलच्या तळाशी काळी रेघ असते, तिच्यावरून सरळ जायचं, वर बघायचं कशाला, असं माझं म्हणणं.

निकाल ऐकून तिचे वडील ऑफिसात आले. आवाज चढवला नाही.

"सर, तुमी एकदा आमच्या खाडीवर येऊन बगा. हितं भिंत हाय. तिथं नाय."

"काका, घड्याळ सगळ्यांना सारखंच असतं," मी म्हणालो. वर हसलोही. त्या हसण्याची आजही लाज वाटते.

समुद्रात पहिला किलोमीटरभर शुभांगी पुढे होती. मग भरतीची ओढ लागली. तळाला रेघ नाही, लाथ मारायला भिंत नाही, आणि डोकं वर काढायचं नाही ही माझी शिकवण तिने इमानदारीने पाळली. श्वास फक्त उजवीकडून घ्यायची, आणि लाटा नेमक्या उजवीकडूनच येत होत्या. खारं पाणी पोटात गेलं. ओकाऱ्या सुरू झाल्यावर मीच तिला बोटीत ओढलं.

टॉवेलमध्ये कुडकुडत तिने विचारलं, "सर, मी सरळच जात होते ना?"

मी हो म्हणालो. खोटं बोललो. पण तिचं काहीच चुकलं नव्हतं.

पुढच्या वर्षी एन्ट्री आल्याबरोबर मी फॉर्म घेऊन गव्हाणला गेलो. तोवर मी दोन-तीनदा स्वतः खाडीत उतरून बघितलं होतं, आणि कुंदा दिशा धरायला डोकं वर काढायची, हे पाण्यानेच मला शिकवलं होतं. वडिलांनी खुर्ची दिली, चहा दिला. मागच्या गोष्टीचा शब्दही काढला नाही. कुंदा पापड लाटत होती. मी फॉर्म पुढे केला. तिने हात पुसून तो नीट वाचला आणि परत दिला.

"मी स्लो हाय, सर. माजा टाइम तुमीच लावला होता."

मी चूक कबूल केली, समजावलं, अगदी विनवलं. ती हसून नाय म्हणाली. वडीलही म्हणाले, आता तिला आग्रह करू नका. नोकरीच्या अर्जाचं तिचं वय त्याच वर्षी उलटलं.

त्यानंतर समुद्रातल्या स्पर्धेसाठीची ट्रायल मी कधी पूलवर घेतली नाही. भरती असेल तेव्हा, खाडीत घेतली. बरीच मुलं-मुली त्यातून निवडली आणि बहुतेकांनी स्पर्धा पुऱ्याही केल्या. कुंदाला पोहताना मी खाडीत एकदाही बघितलं नाही.