चाकाला दिलेला डाग

"कसं चालून राह्यलं?"

गाडी पुरती थांबायच्या आत वस्ताद चाकापाशी उकिडवे बसायचे, चाकाभोवतीच्या लोखंडी धावेवर बोटाच्या पेरानं टकटक करायचे, कान लावायचे आणि गाडीवानाच्या तोंडाकडे न बघताच हे विचारायचे. माणूस कसा आहे, बायकापोरं कशी आहेत, हे नंतर. कधी कधी नाहीच. भातकुलीचा एक गाडीवान एकदा डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "वस्ताद, बाप गेला माहा." वस्ताद म्हणाले, "अरेरे, लय चांगला मानूस होता." पुन्हा धावेवर बोट टेकवलं. मग हळूच, "आनि चाक?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कामापुढं त्यांना दुसरं काही दिसत नाही. राग करावा तर करवत नाही, आणि करू नये म्हटलं तर राहवत नाही.

वस्ताद लोहार. अमरावतीच्या परकोटाबाहेर, कापसाच्या बाजाराला लागून त्यांचं छप्पर होतं आणि त्याला लागून आमचं घर. माझा नवरा गाडीवान. दूर कुठल्या मुलखात लढाई जुंपली होती म्हणे, तिथला कापूस अडला होता, आणि आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. गाड्यांमागे गाड्या. बाळापूरपासूनच्या गाड्या यायच्या. कापूस इतका उडायचा की आमच्या भाकरीवरसुद्धा तो बसायचा. पैसा लोकांच्या डोक्यात गेला होता. एक पाटील वस्तादांना म्हणाला, "चाकाले चांदीची धाव चढवून दे." वस्ताद त्याच्याकडे बघतच राहिले. "पाटील, चाक चिखलात चालवाचं हाये का लगनात नाचवाचं हाये?" पाटील रागावून गेला आणि आठ दिवसांनी मुकाट्यानं लोखंडाची धाव चढवून घेऊन गेला.

वस्तादांचा एक नेम होता. धाव चढवली, पाणी ओतलं, लाकूड आवळलं, गाडी गेली, म्हणजे काम झालं असं ते मानत नसत. "चाक हंगाम काढून परत आलं पायजे. मग म्हनू काम झालं." परत आलेल्या चाकाला ते तपासायचे आणि कुठं खोड दिसली तर पुढच्या चाकात ती सुधारायचे. म्हणून त्यांची चाकं सगळ्या वऱ्हाडात चालायची.

पण वस्तादांचं दुसरंही एक काम होतं. ते डाग द्यायचे.

आता तुम्हाला खरं वाटणार नाही, पण तेव्हा दुखण्यावर काय काय करत! ताप आला की पाणी तोडायचं, माणूस पाणी-पाणी करत राहायचा आणि घरचे माठावर झाकण घालून बसायचे. अंग सुजलं की बिब्ब्याचे चटके. छावणीतला साहेबाचा डॉक्टर काही फार वेगळा नव्हता, तो जळवा लावून रक्त काढायचा आणि माणूस पांढरा पडला की म्हणायचा, उतार पडतोय. आणि तान्ह्या पोराचं पोट फुगलं, की त्याला आणायचं वस्तादांकडे. बैलाचा खांदा डागायची तीच सळई. तापवायची आणि पोटावर बेंबीच्या भोवती टेकवायची. वर आईचं दूध बंद.

वस्ताद दुष्ट नव्हते हो. पोराला डाग देताना त्यांचे स्वतःचे डोळे भरायचे. याचे पैसे कधी घेतले नाहीत. कुणी कचरलं तर बंडी वर करून आपलं पोट दाखवायचे. "हे पाहा, माह्या बापानं देल्ले. मेलो का मी?" त्यावर कोण काय बोलणार? पोर जगलं तर डागानं जगलं. मेलं तर डाग उशिरा दिला. दोन्हीकडून डागच खरा!

माझा पहिला मुलगा असाच गेला. पोट फुगलं, सासूबाईंनी उचलून नेला, वस्तादांनी डाग दिले. जखमा पिकल्या, अंग तापलं, आणि माझ्या मांडीवर माझं लेकरू विझलं. छाती दुधानं भरून दुखत होती आणि प्यायला कुणी नव्हतं. सगळे म्हणाले, उशीर झाला. मीही ऐकून घेतलं. नवी सून, डोक्यावर पदर, बोलणार कुणाला?

पण राग काही कुठं जात नाही. तो चुलीतल्या निखाऱ्यासारखा राखेखाली बसतो.

पुढच्या हंगामात आमची गाडी खेप करून आली. मी नवऱ्याला पाणी द्यायला बाहेर आले. वस्ताद चाकाशी बसले होते. टकटक, कान, आणि, "कसं चालून राह्यलं?"

कुठून बळ आलं देव जाणे. पदर सावरला, आवाज मात्र सावरला नाही.

"चाकाचं इचारता वस्ताद, पोराचं काऊन नाई इचारत?"

नवऱ्याच्या हातातला तांब्या तिथंच राहिला. वस्ताद वळून बघायला लागले.

"इतक्या पोरायले डाग देल्ले तुमी. चाक परत आलं का नाई पाहाता. पोट्टं परत आलं का, इचारलं कधी कोनाले? माहं नाई आलं!"

आत येऊन मी दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकून बसले. आता सासूबाई घरातून काढणार, हे नक्कीच. पण बाहेर काही आवाजच नाही. घणाचाही नाही. त्या दिवशी भर हंगामात वस्तादांचा भाता बंद राहिला.

दुसऱ्या दिवशीपासून ते विचारायला लागले. गाडी आली की आधी चाक नाही, आधी पोर. "तुह्या भावाचं पोट्टं आनलं होतं, कसं हाये थे?" ज्यांची नावं आठवत नव्हती त्यांची चाकं आठवत होती, आणि चाकावरून ते माणूस शोधायचे. मी भिंतीआडून ऐकायची. कुणी म्हणायचं, "गेलं न बापा, पोट पिकलं होतं." कुणी म्हणायचं, "हाये, पन अंगच नाई धरत." काही जगलेलीही होती, उगाच खोटं कशाला सांगू. पण एकेका उत्तरानं वस्तादांची मान खाली खाली जायची.

मग भातकुलीचा तो, बाप गेलेला गाडीवान आला. त्याच्या बहिणीच्या पोरालाही असंच दुखणं झालं होतं.

"त्याले तं तू आनलंच नाई माह्याकडं," वस्ताद म्हणाले.

"आनत होतो न! निंघालो होतो. वाटेत चाकाचा आरा मोडला, गाडी बसली रस्त्यात. मंग मायनं पोट्ट्याले पदराखाली घेतलं, पाजत बसली. दुसऱ्या दिवशी पोट उतरलं. आता बकऱ्यायमागं धावते थे."

"कोनाचं चाक होतं?"

"तुमचंच, वस्ताद."

एरवी आपलं चाक मोडलं हे ऐकून वस्तादांनी आकांडतांडव केलं असतं. पण ते खाली बसले, दोन्ही हात तोंडावर धरले, आणि हसत होते की रडत होते ते काही मला कळलं नाही. एवढंच ऐकू आलं, "बरं झालं मोडलं. या खुदा, बरं झालं मोडलं."

त्यानंतर ते पोर आणणाऱ्याला परतवून लावायचे. लोक बडबडायचे. "वस्तादाचा हात गेला", "म्हातारा बह्याड झाला". ते ऐकून घ्यायचे. माझ्याशी मात्र बोलले नाहीत, मीही बोलले नाही. मधल्या काळात मला मुलगी झाली.

आणि एक दिवस तिचं पोट फुगलं.

ढोलकीसारखं. दूध ओढेना, नुसती कण्हत होती. मी तिला छातीशी धरून बसले, तर सासूबाईंनी हिसकावून घेतली आणि निघाल्या. मी मागे धावले. त्यांना काही दोष देऊ नका हो, त्यांचाही जीव तिळतिळ तुटत होता. त्यांना एकच वाट माहीत होती.

"वस्ताद, तापवा डागनी."

"भाभी, मी पोरायले डाग देनं सोडलं."

"सोडलं? पयला उशिरा आनला म्हून गेला. हे वेळेवर आनली, तं तुमी सोडलं म्हनता?"

वस्तादांनी सळईकडे पाठ फिरवली. तेव्हा सासूबाईंनी पोरगी माझ्या हातात दिली, सळई उचलून भट्टीत खुपसली आणि स्वतः भाता ओढायला लागल्या. प्रत्येक ओढीला माझ्या मुलीचं नाव. बाजारातले गाडीवान जमा झाले आणि नाव ऐकताच मागे सरले. कारण आमच्याकडे रीत अशी, की एखाद्याच्या नावानं लोखंड तापवलं तर ते तसंच थंड होऊ द्यायचं नाही. ते नावावर टेकलंच पाहिजे, नाहीतर त्या जिवाचा घात. ही रीत वस्तादही मानायचे. सगळेच मानायचे. खरं सांगू? मीही मानायची.

सळई लाल झाली. वस्तादांनी सांडशीनं ती बाहेर काढली. ती धरून ते माझ्याकडे वळले. मी पोरीवर वाकले, पाठ त्यांच्याकडे केली आणि ओरडले, "मले द्या डाग! हिले नाई देऊ देनार!"

"सूनबाई, सरक."

"नाई सरकत!"

"अवं, सरक म्हनतो न! चाक दिसू दे मले."

मी मान वर केली. माझ्यापुढंच आमच्या गाडीचं चाक भिंतीला टेकून उभं होतं, नव्या धावेसाठी काढलेलं.

"हे गाडी कोनाची?" वस्तादांनी सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारलं.

"माही," नवरा म्हणाला.

"पोट्टी कोनाची?"

"माहीच."

"बापाचं चाक थे लेकीचं चाक. नावाचं लोखंड नावावर पडून राह्यलं, सारे पाहा!" आणि त्यांनी सळई चाकाच्या आऱ्यावर टेकवली. चर्र झालं, धूर उठला, जळक्या लाकडाचा वास पसरला. "घ्या भाभी. दुखनं चाकाले देल्लं. आता चाक त्याले घेऊन जाईन बाळापूरले."

सासूबाई बघतच राहिल्या. रीत तर मोडली नव्हती! आऱ्यावरचा काळा ठिपका वाकून पाहिला. मग त्या हळूच म्हणाल्या, "अन् दूध?"

"दूध तोडाचं नाई. दूध तोडलं तं चाकाचा डाग लागू होत नाई," वस्ताद ठणकावून म्हणाले. हे त्यांनी त्या क्षणी रचलं, हे मला त्यांच्या तोंडावरूनच दिसलं.

मी घरी येऊन तिला छातीशी घेतलं. ती ओढत नव्हती, तर थेंब थेंब तिच्या ओठांवर पिळत राहिले. सासूबाई समोर बसून होत्या. वस्ताद दारात येऊन उभे राहायचे, जायचे, परत यायचे. पोरगी गेली असती तर बाजारानं त्यांना उभं जाळलं असतं आणि मला घर उरलं नसतं. आम्हा दोघांनाही ते ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा पोरीनं अंग ताणलं, तोंड लाल केलं, आणि असा दणदणीत वारा सोडला की सासूबाई दचकून उठल्या! पाठोपाठ दुसरा. पोट मऊ पडलं. आणि माझी वाघीण दुधाला अशी झोंबली की मी कळवळले.

दारात वस्ताद. "कसं चालून राह्यलं?"

"चालून राह्यलं, वस्ताद," मी म्हणाले आणि हसता हसता रडायला लागले. तेही डोळे पुसत होते. "तुह्या त्या पोराचं, सूनबाई," ते म्हणाले, "मी मरेपर्यंत इसरनार नाई." मी मान हलवली. तेवढ्यावर आमचं बोलणं सुरू झालं.

सासूबाईंनी मात्र बाजार डोक्यावर घेतला. "चाकाले डाग देल्ला अन् पोट्टीचं पोट उतरलं!" मला सांगावंसं वाटायचं की अहो, डागाचं नाव कशाला घेता, पण वस्ताद डोळ्यांनी खुणवायचे, राहू दे. आणि खरंच, त्यांनी जे काम केलं ते शंभर शहाण्यांना जमलं नसतं. भातकुलीहून, बाळापूरहून लोक पोरं घेऊन यायचे. वस्ताद गंभीर तोंडानं पोराचं नाव घ्यायचे, चाकाला डाग द्यायचे, दूध तोडायचं नाही म्हणून दम भरायचे, आणि पुढच्या खेपेला पोराचं विचारायचे. दोनतीन हंगामांत बाजारात काळ्या ठिपक्यांच्या आऱ्याची चाकंच चाकं दिसायला लागली. उन्हाळ्यात पेढी नदीवर पोरं उघडी डुंबायची. मोठ्यांच्या पोटांवर डाग, धाकट्यांची पोटं स्वच्छ. पाहून माझी छाती अशी फुगायची, जणू सगळी माझीच!

मग लढाई संपली, भाव पडला, रेल्वे आली. गाड्या कमी झाल्या. वस्ताद अकोल्याला लेकाकडे गेले आणि तिथंच वारले. छप्पर पडलं. आता तिथं ऐरणीच्या जागी नुसता खळगा आहे, पावसाळ्यात त्यात पाणी साचतं.

लेक बाळापूरला दिली. परवा ती पहिल्या लेकराला घेऊन माहेरी आली. गाडी दारात थांबली, तर चाकाच्या एका आऱ्यावर काळा ठिपका. कुणाच्या नावाचा, जावयालाही ठाऊक नव्हतं. मी उकिडवी बसले, धावेवर टकटक केली आणि कान लावला. लेक म्हणाली, "काय वं माय, काय ऐकून राह्यली?"

मी उठले. नातवाला घेतलं आणि त्याचं झबलं वर केलं. पोट कोरं करकरीत होतं.