देवाला न सांगितलेली चोरी

चार तारांची ती गिटार मला आजही आठवते. नोकरीत मी खून पाहिले, जाळपोळ पाहिली, बांधावरून फुटलेली डोकी तर रोजचीच. त्यातलं पुष्कळ विसरलो. ज्या प्रकरणात कुणाला ओरखडाही आला नव्हता, तेच नेमकं मनात रुतून बसलं आहे.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका ठाण्यात मी फौजदार होतो. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. वडील भातशेती करायचे आणि सहीच्या जागी अंगठा उठवायचे. वर्दी घालून पहिल्यांदा घरी गेलो तेव्हा ते म्हणाले होते, "आता तुज्यासमोर खोटा बोलायची कोनाची छाती हाय?" मी ते खरं मानलं होतं.

गणपतीच्या तोंडावर हेदवीच्या पुढच्या एका गावातून दोघे भाऊ ठाण्यात आले. थोरला घर आणि बाग सांभाळणारा, देवस्थानच्या कामात पुढे असणारा, गावात शब्दाला वजन असलेला माणूस. धाकटा बोटीवर नोकरीला. दीड-दोन वर्षांनी रजेवर आला होता आणि आल्या आल्या त्याने खुंटीवरची आपली गिटार शोधली होती. ती जागेवर नव्हती. जपानच्या बंदरात घेतलेली, विजेवर चालणारी, आखूड मानेची बास गिटार. थोरल्याने फिर्याद दिली की शिमग्यात देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे गावच्या चौथऱ्यावर, बसली असताना घरातले सगळे तिकडे गेले होते, तेव्हा कुणीतरी मागल्या दाराने येऊन ती नेली. एवढ्या उशिरा फिर्याद का, असं मी विचारलं. गिटारीकडे घरात कुणाचं लक्ष नसायचं, धाकटा आल्यावरच गेल्याचं कळलं, असं उत्तर आलं. पटण्यासारखं होतं. घरफोडीचा गुन्हा नोंदवला.

खबर आठवड्याच्या आतच आली. गावोगाव लाउडस्पीकर लावत फिरणारा एकजण आमच्या हवालदाराचा ओळखीचा होता. तो म्हणाला, लोट्याच्या कारखान्यांतल्या कामगारांनी ऑर्केस्ट्रा काढलाय, त्यात एकजण चार जाड तारांची आखूड गिटार वाजवतो. असली वस्तू जिल्ह्यात कितीजणांकडे असणार? हवालदार गेला आणि त्या मुलाच्या खोलीवरून पंचनामा करून गिटार जप्त करून आला. पंचनाम्यात त्याने लिहिलं होतं, 'गिटार एक, पैकी दोन तारा गहाळ.' गिटारीला सहा तारा असतात एवढं त्याला पक्कं माहीत होतं, बासला चारच असतात हे नव्हतं. धाकट्या भावाने वस्तू ओळखली आणि हसत म्हणाला, "हवालदारसाहेब, कंपनीनेच दोन तारा चोरल्यात म्हणून लिहा."

ज्याच्याकडे ती मिळाली तो पंचविशीच्या आतला. आतल्या डोंगराकडच्या गावातला, शेतकऱ्याचा मुलगा, एका रसायनांच्या कारखान्यात पाळीवर काम करणारा. नोकरीत अजून कच्चा, म्हणजे कायम न झालेला. ठाण्यात आल्यावर त्याने पाणीसुद्धा मागितलं नाही. पहिलं वाक्य बोलला ते असं, "साहेब, गणपतीनंतर मला पक्का करणार आहेत. तेवढं गेटवर कळू देऊ नका."

त्याची हकिगत सरळ होती. शिमग्यानंतर तो हेदवीला दर्शनाला गेला होता. तिथे कुणीतरी सांगितलं की पुढच्या गावात एका बोटीवाल्याच्या घरी गिटार नुसती टांगून आहे. मोठी बास त्याच्या हाताला जमत नव्हती, बोटं आखूड. ही आखूड मानेची आहे कळल्यावर तो विचारत विचारत त्या घरी गेला. थोरल्या भावाने पडवीत बसवलं, चहा दिला, गिटार काढून दिली. हा पैसे मोजून देऊन आला.

"पावती?"

"जुन्या वस्तूची पावती कोण मागतो, साहेब? मागितली असती तर घरधन्याला राग आला असता."

हे खरंच होतं. आमच्याकडे म्हैस, होडी, कलमांचं वर्षाचं पीक, सगळं पडवीत बसून शब्दावर विकलं जायचं. पण शब्दावर झालेला व्यवहार एकाने नाकारला की दुसऱ्याकडे काय उरतं? थोरल्याला समोर आणलं. त्याने मुलाकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "ह्या माणसाला मी आज पयल्यांदा बगतोय."

मी मुलाला त्या घराबद्दल खोदून खोदून विचारलं. तो सगळं बरोबर सांगत गेला. पडवीतला झोपाळा, डाव्या अंगाची पोफळी, गिटारीची खुंटी कुठे आणि तिच्याशेजारी कोणतं कॅलेंडर. तो जितकं बरोबर सांगत होता तितका अधिक अडकत होता. हवालदार माझ्या कानाशी म्हणाला, "घर कसं न्याहाळून ठेवलंय बघा." चोरालाही घर माहीत असतंच. नियमाप्रमाणे कारखान्याकडून त्याची हजेरी मागवली. शिमग्याला तो रजेवर होता. शिमग्याला कामावर हजर राहणारा कोकणी कामगार अजून मला भेटायचा आहे, पण तपासाच्या कागदावर ती रजा काळीकुट्ट दिसली. आणि हजेरी मागवली म्हणजे गेटवर कळलंच. मुलाची रवानगी कोठडीत झाली. जेवणाचं ताट त्याने दोनदा तसंच परत पाठवलं.

त्याच दरम्यान त्या भावांच्या गावात गणपतीच्या बंदोबस्ताची बैठक होती. ग्रामदेवतेच्या सभामंडपात सतरंजीवर बसून विसर्जनाचा मार्ग ठरवला. बैठक उठल्यावर देवळाच्या गुरवाने मला थांबवलं. म्हातारा, जिभेला हाड नसलेला. त्याने विचारलं, गिटारीचा चोर सापडला म्हणतात ते खरं का. मी हो म्हटलं.

"माज्या कानावर तुमच्याकडनंच येतंय," तो म्हणाला. "कोंबडी हरवली तर लोकं नारळ घेऊन माज्या दारात येतात. ह्या चोरीचं गाराणं काय आलेलं नाय."

 मी पदवीधर असलो तरी जन्माने ह्याच मातीतला. आमच्याकडे काही चोरीला गेलं की माणूस आधी देवळात जातो, नारळ ठेवून देवापुढे गाऱ्हाणं घालतो, कौल लावतो. ठाणं त्यानंतर. कित्येकदा ठाणं नाहीच. मला स्वतःला हे कधी पटलेलं नव्हतं आणि तपासात मी त्याला जागाही देत नसे. पण इथे तर देव स्वतः सहाणेवर बसला असताना चोरी झाली म्हणत होते, फिर्यादी देवस्थानचा पुढारी होता, आणि देवालाच सांगितलेलं नव्हतं. गुरव माझ्या तोंडाकडे बघत होता. बहुधा त्याला जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं.

मी दोन्ही भावांना देवळात बोलावलं. हवालदाराला नारळ आणायला पाठवलं. धाकटा इस्त्रीचा शर्ट घालून आला, थोरला बागेतून तसाच. मी थोरल्याच्या हातात नारळ दिला.

"घाला गाऱ्हाणं," मी म्हणालो. "तुमच्या घरी चोरी झाली आणि तो मुलगा चोर आहे, एवढंच देवाला सांगा. कौल मी मागत नाही."

त्याने नारळ घेतला. गुरव पुढे होऊन उभा राहिला. थोरल्याने नारळ ह्या हातातून त्या हातात घेतला. मग म्हणाला, "आंगोळ झालेली नाय माजी."

"मागं विहीर हाय," गुरव म्हणाला. "काढ पानी. आमी थांबतो."

तो हलला नाही. धाकटा आधी वैतागून म्हणाला, "दादा, घाल ना, किती वेळ लावतोस." दादाने मान वर केली नाही. तेव्हा धाकट्याचा आवाज खाली आला.

"दादा, विकलीस तू?"

थोरल्याने नारळ पायरीवर ठेवला. "आवाजच येत नव्हता रे तिला," तो म्हणाला. "तुजं तू गेलास. तारा ओढून बगितल्या, काय नाय. बिगडलेली वस्तू कुटवर टांगून ठेवायची?"

विजेवरची गिटार आवाज मोठा करणाऱ्या पेटीला जोडल्याशिवाय बोलत नाही, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. सांगायला धाकटा समुद्रावर होता. विकली ती बिघडलेली समजून. धाकटा आला, पहिल्यांदा तीच मागितली, आणि भावापुढे मान खाली घालण्यापेक्षा थोरल्याने तोंडाला आली ती चोरी सांगितली. धाकटाच त्याला ओढत ठाण्यात घेऊन आला. एकदा सांगितलेलं मागे घेणं म्हणजे पुन्हा तीच लाज. त्यापेक्षा एक अनोळखी मुलगा कोठडीत गेलेला त्याला परवडला.

देवळातलं बोलणं कोर्टात टिकत नाही, म्हणून ठाण्यात नेऊन रीतसर जबाब घेतला. तो झाल्यावर मी माझ्यापुरतं विचारलं, इथे खोट्या फिर्यादीवर सही करताना काहीच वाटलं नाही का? त्याला प्रश्नच नीट कळला नाही. "ठाण्यात काय, सायेब," तो म्हणाला, "हितं सगलेच सांगतात." उर्मटपणा नव्हता त्यात. बाजारात मासे महाग आहेत म्हणावं तसं तो म्हणाला.

मुलाला सोडलं. फिर्याद खोटी असल्याचा 'ब' समरी अहवाल कोर्टात पाठवला आणि थोरल्यावर खोट्या फिर्यादीचा खटला भरावा असं सुचवलं. गावची माणसं येऊन बसली. घरातली गोष्ट आहे, सणासुदीचे दिवस आहेत, देवस्थानचा माणूस आहे. माझ्यापुढे त्यांचं काही चाललं नाही, पण माझ्या वरती चाललं. खटल्याचा कागद नकाराचा शेरा मारून परत आला.

मी स्वतः लोट्याला गेलो. कारखान्याच्या अधिकाऱ्याने चहा पाजला. हा निर्दोष आहे असं मी लेखी दिलं, ते त्याने वाचून जपून ठेवलं. म्हणाला, आम्हाला तो चोर वाटतच नाही. पण पक्का करताना पोलीस चौकशी झालेलं नाव वरचे घेत नाहीत. त्या महिन्यात मुलाला कच्च्यांना मधूनमधून देतात तसा ब्रेक दिला आणि परत बोलावलं नाही. कच्च्या कामगाराला घालवायला कारण लागत नाही.

तो गावी परतण्याआधी ठाण्यात आला होता. धाकट्या भावानेच त्याला बोलावून आणलं होतं. गिटार तू घे, मी कोर्टात तसं लिहून देतो, असं तो म्हणाला. मुलाने हात मागे घेतले. "तुमच्या घरची वस्तू आहे," एवढंच बोलला. मी त्याला निर्दोष असल्याच्या दाखल्याची प्रत दिली. त्याने घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाला, "साहेब, गेटवर कागद कोण वाचतो?"  पुढे तो काय करतो ते मला कळलं नाही. ऑर्केस्ट्रा मात्र त्या गणपतीत बासशिवायच वाजला, असं तो लाउडस्पीकरवाला सांगत होता.

ह्या प्रकरणाने मला काय शिकवलं असं लोक विचारतात. माणसं देवाला भितात हे शिकलो असं सांगितलं की त्यांना बरं वाटतं. खरं ते नाही. तो माणूस दगडापुढे खोटं बोलू शकला नाही, पण हाडामांसाचा मुलगा समोर उभा असताना सहज बोलला, आणि त्या दोघांच्या मध्ये माझी खुर्ची होती. तिचा मान एका नारळाइतकाही नव्हता. वडिलांना मी ही हकिगत कधी सांगितली नाही.

कोर्टाचा आदेश यायला पुढचा शिमगा उजाडला. तोवर धाकटा पुन्हा बोटीवर गेला होता, त्यामुळे गिटार घ्यायला घरचा कर्ता म्हणून थोरलाच आला. मुद्देमालाच्या खोलीतून हवालदाराने ती आणून टेबलावर ठेवली. ओल लागून मान थोडी वाकली होती. थोरल्याने पावतीवर सही केली, मग एक जाड तार अंगठ्याने ओढली आणि कान खाली नेला.

"बगा सायेब," तो म्हणाला, "मी तवाच सांगत होतो. बिगडलेलीच हाय."

मी पावती फाईलला लावली आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.